कोल्मन्स्कोपचा शरद: वारा, हिरे आणि वाळूखालची नावे

१/
१४ एप्रिल १९०८. आपल्याकडे चैत्राचे ऊन तापते, तेव्हा दक्षिण गोलार्धात शरद ऋतू सुरू असतो. नैऋत्य आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या वाळवंटात रेल्वेरुळांवरची वाळू बाजूला सारताना झकारियास लेवाला नावाच्या मजुराला एक चकाकणारा खडा दिसला. त्या खड्यामुळे एक नगर वसले, काही माणसे अमाप श्रीमंत झाली आणि फार मोठा प्रदेश सामान्य माणसाला कायमचा बंद झाला. लेवालाला मात्र त्या संपत्तीत वाटा मिळाला नाही. त्या नगराचे नाव कोल्मन्स्कोप.

२/
आज हे ठिकाण नामिबियात आहे आणि बहुतेकांना ते छायाचित्रांतूनच ठाऊक असते. निळ्या-हिरव्या भिंतींची खोली, अर्धवट उघडे दार आणि कमरेइतकी वाळू. २०२४ साली आलेल्या 'फॉलआउट' या मालिकेतही ही दृश्ये दिसली. सोडून दिलेले गाव निसर्गाने परत घेतले, एवढाच अर्थ या चित्रांतून निघतो. परंतु ज्या वाऱ्याने हे गाव बुजवले, त्याच वाऱ्याने आधी ते घडवले होते. आणि वाळू येण्याच्या कितीतरी आधी येथे बरेच काही माणसांनीच झाकून ठेवले होते.

३/
प्रथम हवामान पाहू, कारण या इतिहासात ते केवळ पार्श्वभूमी नाही. कोल्मन्स्कोप नामिब वाळवंटात, ल्युडरित्झ या बंदरापासून सुमारे १० किलोमीटर आत आहे. समोर अटलांटिक महासागर आणि त्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा बेंग्वेला हा थंड प्रवाह. थंड पाण्यावरची हवा थंडावते, धुके धरते, पण पाऊस देत नाही. ल्युडरित्झला वर्षभरात जेमतेम १५ ते २० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैच्या एका मध्यम सरीत याहून अधिक पाणी पडते.

४/
पावसाची जागा येथे वाऱ्याने घेतली आहे. दक्षिण अटलांटिकवरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून निघणारा दक्षिणेचा वारा उन्हाळाभर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, किनारा झोडपत राहतो. समुद्रकाठची वाळू उचलून तो उत्तरेकडे नेतो. वाटेत चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या तयार होतात. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना बारखान म्हणतात. या टेकड्या स्थिर नसतात. दरवर्षी पुढे सरकत त्या रस्ते, रूळ आणि घरे ओलांडतात.

५/
मार्च-एप्रिलमध्ये चित्र पालटते. उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि दक्षिणेचा वारा मंदावतो. झाडेच नसल्याने येथे पानगळ नाही. शरद ऋतू ओळखायचा तो वाऱ्याच्या विसाव्यावरून. मात्र याच काळात अधूनमधून पूर्वेकडून, पठारावरून, दुसरा वारा उतरतो. उंचावरून खाली येताना हवा दाबली जाते व दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी तापते. त्यामुळे एरवी स्वेटर घालून वावरणाऱ्या ल्युडरित्झमध्ये शरदात किंवा ऐन हिवाळ्यात पारा एकाएकी ३० अंशांपलीकडे जातो. वर्षातील सर्वांत उष्ण दिवस थंडीच्या ऋतूत येणारे गाव, अशी ही विलक्षण जागा आहे.

६/
आता हिऱ्यांकडे वळू. नामिबच्या वाळूत हिरे जन्मले नाहीत. ते जन्मले दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात, जमिनीखाली खोलवर, आणि किंबर्लाइट या खडकातून वर आले. कोट्यवधी वर्षांच्या झिजेत तो खडक फुटला आणि ऑरेंज नदीने हिरे पश्चिमेस अटलांटिकपर्यंत वाहून आणले. तेथे दक्षिणेच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा किनाऱ्यावर तिरक्या आदळत होत्या. त्यांनी हे खडे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे ढकलले.

७/
या प्रवासात सदोष हिरे फुटून नाहीसे झाले. म्हणूनच नामिबियाच्या किनाऱ्यावरील हिऱ्यांत दागिन्याला योग्य अशा खड्यांचे प्रमाण फार मोठे आहे. नदीमुखाशी मोठे खडे सापडतात आणि उत्तरेकडे जावे तसे ते लहान होतात. शेवटचे काम वाऱ्याने केले. किनाऱ्यावर आलेल्या थरांतील हलकी वाळू त्याने उडवून नेली आणि जड खडे मागे राहिले. थोडक्यात, वाऱ्याने हजारो वर्षे जमीन सुपात पाखडली आणि हिरे वर आणून ठेवले.

८/
ही जमीन कोणाची होती? येथे एक जुना कागद पाहावा लागतो, आणि तोही शरदातलाच. १ मे १८८३ रोजी ब्रेमेनचा तंबाखू व्यापारी आडोल्फ ल्युडरित्झ याच्या हस्तकाने, हाइनरिख फोगेलझांगने, बेथनीचा नामा प्रमुख योझेफ फ्रेडरिक्स याच्याकडून आंग्रा पेकेन्या हे नैसर्गिक बंदर आणि भोवतालची ५ मैल जमीन विकत घेतली. किंमत होती १०० पौंड आणि २०० बंदुका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा करार झाला: ऑरेंज नदीपासून २६ अक्षांशापर्यंतचा किनारा आणि आत २० मैलांपर्यंतची जमीन.

९/
प्रश्न 'मैल' या शब्दाचा होता. फ्रेडरिक्सला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, सुमारे १.६ किलोमीटरचा. ल्युडरित्झने हिशोब धरला तो जर्मन भौगोलिक मैलाचा, सुमारे ७.४ किलोमीटरचा. त्यामुळे ३२ किलोमीटर रुंदीची पट्टी कागदावर जवळजवळ १५० किलोमीटरची झाली. फ्रेडरिक्सला फसवणूक उमगली, त्याने तक्रारी केल्या, पण उपयोग झाला नाही. २४ एप्रिल १८८४ रोजी, पुढच्याच शरदात, बिस्मार्कने हा प्रदेश जर्मन साम्राज्याच्या संरक्षणाखाली घेतल्याचे तारेने कळवले. तोवर जर्मनीजवळ आफ्रिकेत एकही वसाहत नव्हती.

१०/
ल्युडरित्झला खनिजांची आशा होती. ती फळाला येईना. पैसे संपले तेव्हा १८८५ मध्ये त्याने आपले हक्क जर्मन वसाहत कंपनीला विकले आणि १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाजवळच्या समुद्रात तो बेपत्ता झाला. बंदराला त्याचे नाव मिळाले. ज्या वाळूवरून तो रिकाम्या हाती परतला होता तिच्यातच हिरे पडलेले होते, हे कळायला आणखी २२ वर्षे लागायची होती. मैलांचा तो कागद मात्र कंपनीच्या कपाटात सुखरूप राहिला.

११/
१९०४ साली वसाहतीत युद्ध पेटले. जमीन आणि गुरे हिरावली जाऊ लागल्याने हेरेरो समाज उठला. जर्मन सेनापती लोथर फॉन ट्रोथाने ऑक्टोबर १९०४ मध्ये जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालण्याचा हुकूम काढला आणि लोकांना निर्जल ओमाहेकेच्या वाळवंटात ढकलले. दक्षिणेत नामाही लढाईत उतरले. १९०८ पर्यंत हजारो हेरेरो, म्हणजे त्या समाजाचा बहुतांश भाग, आणि सुमारे १०,००० नामा मृत्युमुखी पडले. विसाव्या शतकातील पहिला वंशसंहार म्हणून इतिहासकार याचा उल्लेख करतात.

१२/
या युद्धातील सर्वांत भीषण जागांपैकी एक ल्युडरित्झच्या बंदरातच होती: शार्क बेट. १९०५ ते १९०७ या काळात येथे कैद्यांची छावणी होती. पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही तेथे होती. हे लोक आतल्या कोरड्या, उबदार पठारावरचे. त्यांना उघड्या खडकावर, थंड धुक्यात आणि दक्षिणेच्या वाऱ्यात, अपुऱ्या अन्नावर ठेवले गेले. येथे हवामान हेच एक शस्त्र झाले. मृतांची संख्या १,००० ते ३,००० च्या दरम्यान मानली जाते. नामांचा लढवय्या पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स याच बेटावर फेब्रुवारी १९०७ मध्ये मरण पावला. ज्या बेथनीच्या नामांनी ५ मैलांचा करार केला होता, त्यांच्यातलाच तो होता.

१३/
छावणीतील कैद्यांकडून सक्तीची कामे करवून घेतली जात. त्यांतले मोठे काम म्हणजे ल्युडरित्झपासून आतल्या भागाकडे जाणारी रेल्वे. सैन्य आणि रसद पोहोचवण्यासाठी ती घाईने बांधली गेली. जर्मन नोंदींनुसार जानेवारी १९०६ ते जून १९०७ या दीड वर्षात या कामावर लावलेल्या २,०१४ कैद्यांपैकी १,३५९ मरण पावले. तीनांपैकी दोन. कोल्मन्स्कोपची कथा सहसा १९०८ पासून सांगितली जाते, त्यामुळे ही संख्या कथेबाहेर राहते. पण लेवाला ज्या रुळांवरची वाळू काढत होता, ते रूळ हेच.

१४/
रूळ टाकून झाले, पण वाळूला ते मान्य नव्हते. बारखानांच्या वाटेतच ही रेल्वे होती. वाळू सारण्यासाठी ठिकठिकाणी मजुरांच्या टोळ्या नेमाव्या लागल्या. ल्युडरित्झजवळच्या ग्रासप्लाट्स या स्थानकाच्या परिसरातील देखरेखीचे काम आउगुस्ट श्टाउख या जर्मन कर्मचाऱ्याकडे होते. दम्याच्या विकारासाठी कोरडी हवा हवी म्हणून तो १९०७ मध्ये येथे आला होता. खनिजांचा त्याला छंद होता. वेगळा, चमकदार खडा दिसल्यास आणून द्या, असे त्याने मजुरांना सांगून ठेवले होते.

१५/
झकारियास लेवाला केप वसाहतीतून मजुरीसाठी आलेला होता आणि त्याने पूर्वी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. 'एका मजुराला योगायोगाने खडा सापडला' असे वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते. कच्चा हिरा पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा झळकत नाही. वाळूत तो मळकट काचेच्या तुकड्यासारखा दिसतो. तो ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि रुळांवरच्या त्या टोळीत ती लेवालाकडे होती. शोध डोळ्यांनी लागला, आणि डोळे त्याचे होते.

१६/
लेवालाने खडा वरिष्ठांकडे दिला. श्टाउखने तो घड्याळाच्या काचेवर ओढून पाहिला आणि काचेवर चरा उमटला, असे सांगतात. त्याने गाजावाजा केला नाही. आधी शोधकामाचे परवाने मिळवले, मग सरकारी भूवैज्ञानिकाकडून खात्री करून घेतली. पुढच्या काही महिन्यांत बातमी फुटली आणि ल्युडरित्झमधून व्यापारी, खलाशी, कारकून असे सगळे वाळवंटाकडे धावले. श्टाउख कोट्यधीश झाला. शोधाचे श्रेयही अनेक वर्षे त्याच्याच नावावर जमा राहिले.

१७/
श्टाउखची पुढची मोहीम दक्षिणेकडे पोमोनाच्या परिसरात गेली. तेथे एका दरीत हिरे अक्षरशः जमिनीवर विखुरलेले होते. त्या दरीला त्याने पत्नीच्या नावावरून इडाटाल हे नाव दिले. तेथे खणावे लागत नव्हते. आफ्रिकी मजुरांना ओळीने गुडघ्यांवर बसवून, रांगत पुढे नेत, वाळूतले हिरे वेचायला लावले जाई. वाऱ्याने पाखडून ठेवलेले धान्य वेचावे तसे. त्या ओळींची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. वेचणाऱ्यांची नावे त्यांखाली लिहिलेली नाहीत.

१८/
ही धाव फार दिवस मोकळी राहिली नाही. २२ सप्टेंबर १९०८ रोजी वसाहत खात्याचे प्रमुख बेर्नहार्ड डेर्नबुर्ग यांनी ऑरेंज नदीपासून २६ अक्षांशापर्यंत आणि किनाऱ्यापासून १०० किलोमीटर आत एवढा प्रदेश 'श्पेरगेबीट', म्हणजे निषिद्ध क्षेत्र, म्हणून घोषित केला. तेथील हिऱ्यांचा हक्क जर्मन वसाहत कंपनीच्या नव्या उपकंपनीला मिळाला. २६ अक्षांश ही सीमा ओळखीची वाटली असेल. १८८३ च्या करारातली ती रेघ आहे. मैलांचा तो कागद २५ वर्षांनी कपाटातून बाहेर निघाला आणि त्याचे सोने झाले.

१९/
या संपत्तीवर कोल्मन्स्कोप उभे राहिले. नावामागची आख्यायिका अशी की, कोलमन नावाच्या गाडीवानाला वादळात आपली बैलगाडी या टेकडीजवळ सोडून द्यावी लागली. काही वर्षांत तेथे जर्मन धाटणीची घरे, इस्पितळ, शाळा, बेकरी, खाटकाचे दुकान, वीज, बर्फाचा कारखाना, नाचगाण्याचे सभागृह आणि जर्मन पद्धतीच्या खेळाची गल्लीही झाली. या गल्लीत चेंडू घरंगळत सोडून लाकडी खुंट्या पाडायच्या. दक्षिण गोलार्धातले पहिले क्ष-किरण यंत्र येथील इस्पितळात होते, असे म्हटले जाते. गिळलेले हिरे शोधायलाही ते वापरले जाई, असे सांगण्याची येथे पद्धत आहे.

२०/
पाण्याचा थेंब नसलेल्या जागी हे सगळे चालले होते. सुरुवातीला गोडे पाणी सुमारे १,००० किलोमीटरवरील केप टाउनहून जहाजाने येई. घरटी रोज ठराविक पाणी आणि बर्फाची लादी वाटली जाई. भरभराटीच्या काळात येथे सुमारे ३०० जर्मन प्रौढ, ४० मुले आणि ८०० ओवाम्बो मजूर राहत. १९०८ ते १९१४ या काळात या प्रदेशातून ५० लाख कॅरेटहून अधिक हिरे निघाले. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एकूण वजन भरते जवळपास एक टन.

२१/
ते ८०० मजूर कोण? वसाहतीच्या उत्तर टोकाच्या ओवाम्बो प्रदेशातून, शेकडो किलोमीटर अंतर तोडून, ठराविक मुदतीच्या कराराने आलेले तरुण पुरुष. कुटुंब सोबत आणायला मनाई. सभागृह आणि बागांपासून दूर, सामाईक चाळींत त्यांचा मुक्काम. मुदत संपेपर्यंत गाव सोडायचे नाही, आणि सोडताना हिरा लपवलेला नाही याची झडती द्यायची. नगराची छायाचित्रे पाहताना आज नजर जाते ती व्यवस्थापकाच्या, वास्तुविशारदाच्या, मुख्य हिशोबनिसाच्या घरांकडे. लोकसंख्येचा मोठा भाग त्या घरांत कधी राहिलाच नव्हता.

२२/
या घरांचे वाऱ्याशी रोजचे भांडण होते. फटीफटींतून वाळू घरात शिरे. रस्त्यावरची वाळू काढणे हे न संपणारे काम होते आणि ते मजुरांच्याच वाट्याला येई. शरदात वारा पडला की काही आठवडे उसंत मिळे. पुन्हा उन्हाळा आला की झाडझूड सुरू. कोल्मन्स्कोप कधीही वाळूवर विजय मिळवून उभे नव्हते. ते रोज सकाळी पुन्हा मोकळे केले जाई म्हणून दिसत होते. फावडी थांबली असती तर भरभराटीच्या वर्षांतही ते बुजले असते.

२३/
सप्टेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेचे सैन्य ल्युडरित्झला उतरले. ९ जुलै १९१५ रोजी जर्मनांनी शरणागती पत्करली. १९२० मध्ये अर्न्स्ट ओपनहायमर यांनी जर्मन हिरे कंपन्या एकत्र विकत घेऊन नवी कंपनी स्थापली आणि निषिद्ध क्षेत्र तिच्याकडे गेले. राष्ट्रसंघाने हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या देखरेखीखाली दिला. झेंडा बदलला, मालक बदलला. कुंपण आणि मजुरांचे करार तसेच राहिले.

२४/
कोल्मन्स्कोपचा अंत वाळूने नव्हे, हिऱ्यांनीच केला. १९२८ च्या सुमारास दक्षिणेस ऑरेंज नदीच्या मुखाजवळ कितीतरी मोठे हिरे सापडले. लहान खडे उत्तरेकडे आणि मोठे नदीमुखाशी, हा निसर्गाचा हिशोब आता माणसांना कळला. नंतर जागतिक मंदी आली. कोल्मन्स्कोपजवळचे थर संपत आले होते. १९४३ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे ओरान्येमुंड येथे हलले आणि १९५६ पर्यंत कोल्मन्स्कोपमधून शेवटची माणसे निघून गेली. श्टाउखची संपत्ती मंदीत बुडाली होती. १९४७ मध्ये जर्मनीत तो विपन्नावस्थेत वारला.

२५/
माणसे गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाऱ्याला कोणी अडवले नाही. खिडक्या फुटल्या, दारे निखळली, खोल्या भरल्या. गंमत अशी की, या कोरड्या हवेनेच उरलेले गाव टिकवलेही. पाऊस नसल्याने लाकूड कुजत नाही, भिंतीवरचा रंग आणि नक्षीचा कागद अजून दिसतो. १९८० पासून काही इमारतींची डागडुजी करून तेथे संग्रहालय केले आहे. प्रवासी सकाळी जातात, कारण दुपारी वारा उठतो. एप्रिल-मे त्यातल्या त्यात सुखाचे, हवा शांत आणि प्रकाश तिरका. ल्युडरित्झच्या रस्त्यावरची वाळू हटवायला मात्र आजही यंत्रे लागतात.

२६/
कथा येथे थांबवली तर ती केवळ एका ओसाड गावाची उरते. पण करारावर येणाऱ्या त्या ओवाम्बो तरुणांची कथा १९५६ मध्ये संपली नाही. खाणी, मासेमारी, शेतमळे, सगळीकडे तीच पद्धत चालू होती. तिच्याविरुद्ध संघटित होण्यातूनच १९५९ मध्ये ओवाम्बोलँड पीपल्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिचे रूपांतर स्वापोमध्ये, देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रमुख संघटनेत झाले. डिसेंबर १९७१ मध्ये करारावरच्या हजारो मजुरांनी संप करून देश हलवला.

२७/
२१ मार्च १९९० रोजी, दक्षिण गोलार्धातल्या शरदसंपाताच्या दिवसांत, नामिबिया स्वतंत्र झाला. १९९४ मध्ये हिऱ्यांच्या कंपनीत सरकारचा निम्मा वाटा झाला. एकेकाळच्या निषिद्ध क्षेत्राचे २००८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. शंभर वर्षे माणसे न शिरल्याने तेथील दुर्मीळ वनस्पती वाचल्या होत्या. २८ मे २०२१ रोजी जर्मनीने हेरेरो आणि नामांवरील अत्याचारांना वंशसंहार म्हणून अधिकृतपणे मान्यता दिली. नुकसानभरपाईवरचा वाद त्याने मिटला नाही. छावण्या बंद करण्याचा आदेश १९०७ मध्ये २८ मे याच तारखेला निघाला होता, म्हणून २०२५ पासून नामिबियात हा दिवस वंशसंहार स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

२८/
१ मे १८८३, २४ एप्रिल १८८४, १४ एप्रिल १९०८, २१ मार्च १९९०, २८ मे २०२१. या साऱ्या तारखा एकाच ऋतूत याव्यात हा निव्वळ योगायोग. त्यांच्यामधली साखळी मात्र योगायोग नव्हे. फसव्या मैलांमुळे जमीन गेली. जमिनीसाठी युद्ध झाले. युद्धातील कैद्यांनी जीव देऊन रेल्वे बांधली. रेल्वेवर वाळू आली आणि ती उपसताना हिरा सापडला. यातला एक दुवा काढला तरी कोल्मन्स्कोपची गोष्ट अपुरी राहते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात बहुधा शेवटचाच दुवा छापलेला असतो.

२९/
शार्क बेट आता एका पुलासारख्या चिंचोळ्या वाटेने किनाऱ्याला जोडलेले आहे. तेथे प्रवाशांना तंबू ठोकून राहता येते. तेथून कोल्मन्स्कोपला गाडीने पोहोचायला फार वेळ लागत नाही. शरदातल्या शांत सकाळी हा रस्ता ओलांडताना उजाड माळ, रूळ आणि सरकणाऱ्या टेकड्या दिसतात. रुळांजवळ कोणी वाळू काढताना दिसले, तर १९०८ मधले ते काम अजून चालू आहे, असे समजावे. त्या कामावरच्या एका माणसाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे: झकारियास लेवाला. ज्यांनी ते रूळ टाकले, त्यांतल्या १,३५९ जणांचा केवळ आकडा उरला आहे.

(समाप्त)